सर्व देश, कितीही वेळा

"आई, हे ‘सर्व देश’ कशाला? दिल्याना पोरांना घेऊन पंधरा दिवसांसाठीच चाललीये ना?"

क्रासिमिरने कागद काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या मागे सहा माणसं उभी होती, बाहेर जिन्यावर आणखी चार. नाताळात परदेशातली आमची सगळी पोरं घरी येतात आणि परत जायच्या आधीच्या आठवड्यात नोटरीच्या ऑफिसात नुसती जत्रा भरते. कुणाला घर विकायचं असतं, कुणाला मुलांचा संमतीचा कागद करायचा असतो.

"अरे, सगळे असंच लिहितात," मी म्हणाले.

"आणि हे? ‘सज्ञान होईपर्यंत’?"

"मग काय दरवर्षी सहीसाठी तुला जर्मनीहून बोलावू? ट्रक कोण चालवेल तुझा, मी? कर सही, लोक खोळंबलेत."

त्याने सही केली. नोटरी झेलेवाबाईंनी चष्म्यावरून बघत नियमाप्रमाणे विचारलं, "समजून-उमजून करताय ना?" तो फोनकडे बघतच हो म्हणाला. शिक्का बसला. तो शिक्का मीच पुढे सरकवला होता.

एकोणतीस वर्षं मी इथे बल्गेरियात, विदिनमध्ये, नोटरीच्या ऑफिसात टंकलेखनिक आहे. आधी खडखडणाऱ्या यंत्रावर, आता संगणकावर. आमच्याकडे मूल एका पालकाबरोबर देशाबाहेर जाणार असेल तर दुसऱ्याची शिक्क्याची संमती लागते, नाहीतर सीमेवरून परत पाठवतात. असे कागद मी किती केले असतील देव जाणे. मजकूर तयारच असतो, नावं तेवढी बदलायची. ‘माझी मुले अमुक व तमुक यांनी त्यांच्या आईसोबत जगातील सर्व देशांत, कितीही वेळा, ती सज्ञान होईपर्यंत प्रवास करण्यास माझी संमती आहे.’ एखादा शहाणा विचारतो, फक्त ग्रीसला जायचंय, जुलैपुरतंच, तसं लिहा ना. त्याला मीच समजावते की बाबा, पुढच्या वर्षी परत रांगेत उभा राहशील, मोकळं लिही आणि सुट. मोठी आली सल्ला देणारी!

माझा मुलगा आहे म्हणून झाकत नाही, घटस्फोट झाला त्यात चूक त्याचीच होती. तिकडे जर्मनीत, कासेलमध्ये त्याने दुसरी बाई बघितली, तेव्हा बोयान अजून चालतही नव्हता. माझी सून दिल्याना तेव्हा सामान बांधायला लागली होती. मी तिच्या हातातून बॅग काढून घेतली. म्हटलं, "घर माझं आहे, त्याचं नाही. वरचा मजला तुझा. नातवंडं इथून हलायची नाहीत." मी मायेनेच बोलले. तिने ते कसं ऐकलं, ते मात्र मला फार उशिरा कळलं.

नातवंडं म्हणजे कालिना सहा वर्षांची आणि बोयान तीन. आमच्या गल्लीत चौदा घरं, त्यातल्या चारांच्याच धुराड्यातून धूर निघतो. बाकीची माणसं इटलीत, स्पेनमध्ये, कुठे कुठे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. खरं सांगायचं तर त्या दोन पोरांशिवाय माझ्याकडे काहीच नव्हतं. सकाळी त्यांना बालवाडीत सोडायचं, संध्याकाळी आणायचं, एवढ्यासाठी मी उठत होते.

नोव्हेंबरात दिल्यानाच्या बहिणीचा फोन आला. ही मादलेना बारा वर्षं स्पेनमध्ये असते, वायादोलिदला, एका म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. ती आणि तिचा नवरा फेब्रुवारीत डोमिनिकन रिपब्लिकला समुद्रावर जाणार होते. तिकिटं आम्ही काढतो, तू पोरांना घेऊन ये, असं तिचं म्हणणं. दिल्यानाने मला ते भांडी पुसता पुसता सांगितलं.

"काळ्या समुद्राने काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"आई, फेब्रुवारीत काळ्या समुद्रात पाय घालून बघा तुम्ही."

कालिना खो खो हसली. "आजीचा बर्फ होईल!" मलाही हसू आलं, आणि तिथेच मी विरघळले. दात काढायच्या दवाखान्यात दिवसभर उभी असते ती पोरगी, दोन वर्षांत तिने स्वतःसाठी एक दिवस काढला नव्हता. जाऊ दे म्हटलं, चार दिवस ऊन खाऊन येऊ देत.

आणि मग ती सहल मी माझ्या हातात घेतली.

शाळेची एक वही आणली आणि जेवणाच्या टेबलावर बसून यादी करायला लागले. टोप्या, हनुवटीखाली रबर असलेल्या, नाहीतर बोयान भिरकावून देतो. पाण्यात घालायचे रबरी बूट, कारण तिथे काटेरी शंखबिंख असतात म्हणे. उन्हाचं मलम. जुलाबाची पावडर. ल्युतेनित्साच्या तीन बरण्या, कारण ही लाल मिरचीची चटणी पावाला लावल्याशिवाय बोयान घासच घेत नाही.

"आई, तिथे जेवण मिळतं. हॉटेल आहे ते," दिल्याना म्हणायची.

"मिळेल! पण हा खाईल का?"

"भूक लागली की खाईल."

"तुला काय माहीत?"

हे मी तिला विचारलं. त्याच्या आईला! ती उठून वर गेली. मी वहीत लिहिलं, ‘प्लास्टिकचा चमचा, निळा’.

बोयानला तोंडावर पाणी आलेलं अजिबात चालायचं नाही. केस धुवायचे म्हटलं की सगळी गल्ली गोळा होईल अशी बोंब. समुद्रावर जाऊन हा किनाऱ्यावरच रडत बसला तर? म्हणून रोज संध्याकाळी मी त्याला न्हाणीतल्या टबात बसवायची आणि मगाने पाणी घालायची. आधी खांद्यावर, मग मानेवर, मग एक-दोन-तीन म्हणून डोक्यावर. जानेवारी संपेपर्यंत तो स्वतः म्हणायला लागला, "आजी, अजून!" कालिना शेजारी उभी राहून त्याला मासा-मासा म्हणायची आणि तो तिच्या अंगावर पाणी उडवायचा. मला वाटतं, त्या घरात मी त्याआधी एवढी हसले नव्हते.

विमानात अकरा तास त्याला बसवून ठेवायचं कसं, तेही मीच शोधून काढलं. अकरा पुड्या बांधल्या. एकीत छोटी गाडी, एकीत बिस्किट, एकीत चिकटवायची चित्रं. दर तासाला एकच उघडायची. दिल्यानाला बजावून सांगितलं, एकदम देऊ नकोस.

जायच्या आठवड्यात तिने बॅग भरली. मी ती उघडली आणि परत भरली. तिने मोजे तळाशी घातले होते, विमानात गार असतं, मोजे वर नकोत का? ती दारात उभी राहून बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी त्यांची आई आहे."

"कोण नाही म्हणतंय?" मी म्हणाले आणि घड्या घालत राहिले.

कागदपत्रं तर माझ्या हातचा मळ. क्रासिमिरची संमती होतीच. पण मी म्हटलं, परका मुलूख, मूल आजारी पडलं तर? डॉक्टर विचारेल की लशी कुठल्या झाल्या. म्हणून आमच्या डॉक्टरकडून दोघांच्या लशींचे दाखले घेतले. सीमेवर कुणी म्हणालं ही तुझीच मुलं कशावरून, तर? म्हणून जन्मदाखले घेतले. आणि तिथे बोलतात स्पॅनिश, बल्गेरियन अक्षर कोण वाचणार, म्हणून आमच्या ऑफिसात येणाऱ्या अनुवादकाच्या मागे लागून सगळ्याचं स्पॅनिश भाषांतर करून घेतलं, सही-शिक्क्यानिशी. संमतीचंसुद्धा. प्लास्टिकच्या पाकिटात क्रमाने लावून दिलं.

"एवढं कशाला?" दिल्याना म्हणाली.

"असू दे. कागद कधी वाया जात नाही."

बारा फेब्रुवारीला सकाळी ती तिघं सोफियाच्या बसला निघाली. आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या मागे उंबऱ्यावर पाणी ओततात, वाट पाण्यासारखी सुरळीत जावी म्हणून. मी तांब्याचं भांडं भरून ठेवलं होतं, ते ओतलं. बोयान परत मागे धावत आला, त्या पाण्यात दोन उड्या मारल्या आणि त्याचे बूट भिजले. मी ओरडले. त्याच्यावर शेवटची ओरडले ती तेव्हा.

पंधरा दिवस फोटो येत होते. झेलेवाबाईंना दाखवले, पोस्टमनला दाखवले, रांगेतल्या लोकांनाही दाखवले. एक दिवस दुपारी ऑफिसातच कालिनाचा फोन आला. "आजी, समुद्र गरम आहे! टबासारखा! आणि बोयानने तोंड आत घातलं, स्वतःहून!" मागून तो ओरडत होता, "मी मासा! मी मासा!" मी फोन ठेवला आणि काउंटरमागे बसून रडले. आनंदाने हो. एका शेतकऱ्याने मला पाणी आणून दिलं.

सत्तावीस तारखेला ती येणार होती. वरच्या मजल्यावरची शेगडी मी सकाळीच पेटवली. कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून सारमी केली, कालिनाला आवडते म्हणून चीज भरून भाजलेली बानित्साही. दुपारी एकला फोन वाजला.

"आई, आम्ही माद्रिदला उतरलो."

"देवाची कृपा! सोफियाचं विमान किती वाजता? बोयानला स्वेटर घाल, इथे उणे चार आहे."

पलीकडे विमानतळावरची घोषणा ऐकू आली.

"दिल्याना?"

"आई, आम्ही मादलेनाकडे चाललोय."

"अगं, किती दिवस? सोमवारी बालवाडी आहे. कालिनाला कविता म्हणायचीये."

"आई, आम्ही राहणार आहोत तिकडे."

मला वाटलं, आजारी पडलं कुणीतरी. तसं मी विचारलंही. ती नाही म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

"ठरवून नव्हते गेले मी. पोरांची शपथ. येताना विमानात दोघं झोपली. पाकीट मांडीवर होतं, सीमेवर दाखवायला काढलेलं. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तेच वाचत बसले. सर्व देश. कितीही वेळा. सज्ञान होईपर्यंत. आई, दोन वर्षं मला वाटत होतं मी कुठे जाऊच शकत नाही. तोवर मला हे सुचलंसुद्धा नव्हतं."

"खोटं बोलतेस!" मी ओरडले. "आधीपासून ठरवलं होतंस! बहीण आणि तू, दोघींनी मिळून माझा केसाने गळा कापलात!"

"तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे."

"मी काय कमी केलं तुला? सांग ना! काय कमी केलं?"

"काहीच कमी नाही केलं, आई. माझ्या पोरांचे मोजे कुठल्या खणात आहेत, ते मला तुम्हाला विचारावं लागायचं."

फोन तिने ठेवला की मी, आठवत नाही. सारमी तीन दिवस पातेल्यात तशीच राहिली, मग टाकून दिली.

तिचं खरं की खोटं, ते मला आजही ठाऊक नाही. खोटं असेल तर तिने मला मूर्ख बनवलं. खरं असेल तर मीच माझ्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. कुठलं बरं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

दहा दिवसांनी झेलेवाबाईंनी दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं.

"नेव्याना, तो कागद फिरायला जायचा आहे, राहायला जायचा नाही. कोर्टात जाता येईल. पण बापाने जायला हवं."

"आणि आजी?"

"आजीला फार तर भेटीचा हक्क मागता येतो. भेटायला पोरं इथे असावी लागतात."

त्याच संध्याकाळी मी क्रासिमिरला फोन लावला. तो कुठल्यातरी पेट्रोल पंपावर ट्रक लावून जेवत होता.

"तू उद्याच्या उद्या वकील बघ," मी म्हणाले.

"आई, आणून काय करू मी त्यांना? ट्रकमध्ये बसवू?"

"माझ्याकडे राहतील!"

"म्हणजे आईपासून काढून तुझ्याकडे?"

"मग? तू मला सोडून गेलास, त्यांनीही जावं?"

त्याने पावाचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "शाळेत घेतलंय म्हणे कालिनाला. दिल्यानाचा फोन आला होता. म्हणाली कागद सगळे तयार होते, भाषांतरासकट. शाळेतल्या बाईंनी कौतुक केलं."

जन्मदाखले, लशी, बापाची संमती. शाळेत घालायला जे जे लागतं ते सगळं मीच क्रमाने लावून दिलं होतं.

"अरे, पण तू सही केलीस ना!" मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "डोळे फुटले होते का तुझे?"

"मी विचारलं होतं तुला, आई. दोनदा विचारलं. तू म्हणालीस लोक खोळंबलेत."

मी म्हटलं नीट जेव, आणि फोन ठेवला.

पोरं रविवारी फोन करतात. पहिले दोन रविवार बोयान रडला, तिसऱ्या रविवारी त्याने मला कुत्रा दाखवला. आता त्याला घाई असते. मध्येच स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलतो आणि कालिना त्याचा अर्थ मला सांगते, माझी कीव येऊन.

ईस्टरला ऑफिसात पुन्हा जत्रा भरली. एक तरुण जोडपं आलं, नवरा जहाजावर कामाला, बायको मुलाला घेऊन ग्रीसला जाणार.

"तारखा घालू का?" मी त्याला विचारलं. "आणि देशाचं नाव? फक्त ग्रीस?"

"सगळे कसं लिहितात?" तो म्हणाला.

"सगळ्यांचं सोडा. तुम्हाला कसं हवंय?"

बायको तडकली. "अहो बाई, मोकळंच लिहा ना! परत कोण येणार या रांगेत? तुम्हाला काय त्रास आहे?"

"मला काय त्रास असणार!" मी म्हणाले आणि मोकळं लिहिलं. ती दोघं हसत बाहेर गेली. कदाचित त्यांना काही होणारही नाही. बहुतेकांना काहीच होत नाही.

एप्रिल संपता संपता बालवाडीच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. इतके दिवस गैरहजर असल्यामुळे दोघांची नावं कमी केली आहेत, कपाटातलं सामान घेऊन जा. आवाज मऊ होता तिचा. म्हणाली, "दोघं गेल्याने आकडा भरत नाही आमचा. लहान गट बंद करून मोठ्यात घालतोय. कपाटंही रिकामी करायची आहेत."

ऑफिस सुटल्यावर गेले. बहुतेक मुलं घरी गेली होती. मदतनीस बाईने दोन पिशव्या आणून दिल्या. आतल्या चपलांचे दोन जोड, कालिनाचा एप्रन, बोयानच्या उशीचा अभ्रा, आणि एक मोजा, एकच. मदतनीस म्हणाली, "बोयानच्या चपला ठेवून जाता? कुणाला तरी होतील. त्याला आता नाही व्हायच्या." मी चपला पिशवीतून काढून तिच्या हातात दिल्या. ती त्या घेऊन आत गेली.

कपाटांसमोरच्या ठेंगण्या बाकावर एक मुलगी बसली होती, बोयानएवढीच, त्याच्याच गटातली. घ्यायला अजून कुणी आलं नव्हतं. कोट अंगात होता, बटणं उघडी, आणि दारातून गार वारा येत होता.

"बोयान कुठाय?" तिने विचारलं.

"समुद्रावर."

"कधी येणार?"

"त्याला आवडलंय तिथे," मी म्हणाले. आणि बोलता बोलता वाकून तिच्या कोटाचं वरचं बटण लावायला गेले.

तिने कोट दोन्ही हातांनी धरला आणि मागे सरकली. "नको. माझी आई येणारे. आई लावते."

मी हात मागे घेतला.

"बरोबर आहे," मी तिला म्हणाले. मग पिशव्या मांडीवर घेऊन, थोडं अंतर ठेवून, त्याच बाकावर बसले आणि तिची आई येईपर्यंत बसून राहिले.